मायनरला पाणी कधी सुटणार?

नगर किंवा सोलापूरकडच्या शेतकऱ्याला ‘मायनर’ हा शब्द इंग्रजी आहे हे आता आठवतही नाही. धरणातून मुख्य कालवा निघतो, कालव्याला वितरिका फुटते, वितरिकेला मायनर आणि मायनरवरच्या दारांतून चाऱ्यांनी पाणी शेतात जातं. म्हणजे नकाशावर जातं. प्रत्यक्षात वरच्या मंडळींचा ऊस भिजून होईपर्यंत आवर्तन संपतं, पाटकरी गेट पाडून सायकलवर टांग मारतो आणि टेलचा शेतकरी कोरड्या मायनरमध्ये उभा राहून वरच्या दिशेला बघत राहतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांत अलीकडे जो मायनर आला आहे, त्याचं नाव परदेशी विद्यापीठांकडून आलं की आपल्या पाटबंधारे खात्याकडून, याबद्दल माझ्या मनात तरी शंका उरलेली नाही. मुलगा मेकॅनिकलची पदवी घेता घेता थोडं अर्थशास्त्र किंवा थोडं डेटा सायन्स शिकेल, अशी ही सुंदर योजना. पण मेजर विषय आठवड्याचं सगळं पाणी पिऊन घेतो आणि मायनरला राहते ती ओल. मग सगळे मिळून मुलांना विचारतात, ‘तुमचं पीक का आलं नाही?’ माझं म्हणणं एवढंच, की मायनर बसत नाही याला ना मुलांचा आळस कारण, ना मायनरची लांबी. वरच्या उसाला हात लावायची कुणाची छाती होत नाही, हे खरं दुखणं आहे.

हे म्हणणं हवेतलं नाही, त्याला हिशेब आहे. क्रेडिट म्हणजे ढोबळमानाने आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रॅक्टिकल, तेही सत्रभर. 2018 साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नमुना अभ्यासक्रम काढला, तेव्हा तिचे अध्यक्ष होते डॉ. अनिल सहस्रबुद्धे, पुण्याच्या सीओईपीचे माजी संचालक. 220 क्रेडिटच्या आसपास सुजलेली चार वर्षांची पदवी परिषदेने 160 वर आणली. साठ क्रेडिट म्हणजे नव्या मापाने दीड वर्षाचा अभ्यास! दिवाळीआधी माळा साफ करावा तशी ही सफाई होती आणि तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण माळा रिकामा दिसला की घरातल्या कुणाला तरी चैन पडत नाही. त्याच अभ्यासक्रमात पुढे म्हटलं होतं की हौशी विद्यार्थ्याने आणखी 20 क्रेडिट मिळवली तर त्याला ऑनर्स किंवा मायनर मिळेल. मग कृत्रिम बुद्धिमत्ता, ब्लॉकचेन, रोबोटिक्स, सायबर सुरक्षा अशा उगवत्या क्षेत्रांतले 18 ते 20 क्रेडिटचे मायनर आले. ही क्षेत्रं उगवती असल्यामुळे त्यांचे तासही सूर्य उगवताना ठेवावेत, असा अर्थ पुष्कळ ठिकाणी घेतला गेला. तरीही तोवर मायनर हा जेवणानंतरचा विडा होता. हवा तर घ्या, नको तर बडीशेप खाऊन उठा. 2023 साली महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा आराखडा ठरला आणि विडा ताटात आला. 160 ते 176 क्रेडिटच्या पदवीत बहुविद्याशाखीय मायनरची 14, ओपन इलेक्टिव्हची 8, इंटर्नशिपची 12, भारतीय ज्ञान प्रणालीची 2, शिवाय कोशिंबिरी वेगळ्या. ज्याची भूक एवढ्यानेही भागणार नाही त्याने 18 ते 20 क्रेडिट जादा घेऊन दुसरा मायनर करावा, अशीही सोय आहे. जुन्या मायनरचा सगळ्यात मोठा गुण हा होता की तो सोडता येत असे. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर, एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, केटी डोक्यावर बसली की, मुलं तो गुण मनसोक्त वापरत. नव्याला तो गुण नाही.

आता या 14 क्रेडिटांना जागा करून द्यायची ती वेळापत्रकात. हे काम दरवर्षी विभागातल्या सगळ्यात नव्या प्राध्यापकाकडे जातं; इतरांना अनुभव असतो, आणि हे काम कसं टाळावं हाही त्या अनुभवाचाच भाग असतो. त्याच्यापुढे एक्सेलची शीट असते. प्रत्येक वर्गाच्या तीन बॅच: ए-वन प्रॅक्टिकलला, ए-टू ट्युटोरियलला, ए-थ्री वर्कशॉपला, आणि दुसऱ्या दिवशी चक्र एक घर पुढे. लॅब एकच, तिच्यात मशिनं सहा, त्यांतली चालू चार. हे चक्र कसंबसं फिरायला लागलं की मायनर येतो, कारण मायनरच्या वर्गात एका शाखेची मुलं नसतात. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स, सहाही शाखांच्या सगळ्या बॅच एकाच तासाला मोकळ्या हव्यात. लग्न जुळवताना छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी दोन्हीकडचे लोक पेढे वाटतात. इथे सहापैकी सहा जुळावे लागतात. बिचारा प्राध्यापक मायनरची पिवळी चौकट बुधवारी तीनला ठेवतो तर इलेक्ट्रिकलची चौकट लाल होते. ती उचलून शुक्रवारी अकराला टाकतो तर सिव्हिलवाले सर्व्हेइंगला मैदानात उभे असतात. असं करत करत सगळ्यांना मोकळ्या अशा चारच वेळा सापडतात: सकाळी आठ, संध्याकाळी पाचनंतर, शनिवार आणि मधली सुट्टी. कॉलेज गावापासून पंधरा किलोमीटरवर हायवेला, कॉलेजची बस पाच दहाला सुटणारी. तेव्हा संध्याकाळच्या मायनरला बसणारा मुलगा ज्ञानासाठी काय सोसतो ते त्याला वडापमध्ये लटकताना पाहिल्याशिवाय कळायचं नाही. ज्यांचे तास तरीही एकमेकांवर आदळतात, त्यांच्यासाठी हजेरीचा नियम आहे. मेजरला 75 टक्के हजेरी हवी आणि त्याच तासाला असलेल्या मायनरलाही 75 टक्के. बेरीज केली तर दीडशे टक्के विद्यार्थी लागतो. (हा हिशेब मी तीनदा केला. दोनदा उत्तर तेच आलं, यावरून माझाही मेजर गणित नसावा.)

योजनेच्या कागदावर लिहिलेलं असतं की विद्यार्थ्याने आवडीनुसार मायनर निवडावा. आवड ही मनात उत्पन्न होते असा जुना समज आहे. प्रत्यक्षात ती वेळापत्रकातल्या रिकाम्या चौकटीत उत्पन्न होते. कोणत्याही मायनर समन्वयकाच्या टेबलाजवळ जून-जुलैत पाच मिनिटं उभं राहिलं तर ऐकू येणारा संवाद साधारण असा असतो. ‘सर, मला अर्थशास्त्र घ्यायचंय.’ ‘गुरुवारी दुपारी काय असतं तुला?’ ‘थर्मोचं प्रॅक्टिकल.’ ‘मग तुला रोबोटिक्सची आवड आहे. इथे सही कर.’ आणि गंमत म्हणजे मुलगा सही करतो, कारण खरी आवड तरी कुठे वेगळी असते? सीईटीनंतरच्या कॅप राउंडमध्ये ज्याचं कॉम्प्युटर दोन-चार मार्कांनी हुकलं, तो मेकॅनिकलच्या वर्गात बसून मायनरच्या खिडकीतून कॉम्प्युटरकडे बघतो. घरी वडील विचारतात, ‘मायनर म्हणजे काय रे?’ ‘दुसऱ्या शाखेतलं थोडंसं.’ ‘मग तीच शाखा का नाही घेतलीस?’ ‘मिळाली नाही.’ वडील गप्प होतात, कारण तो हुकलेला ऑप्शन फॉर्म त्यांनीच शेजारच्या एका हुशार मुलाला विचारून भरलेला असतो. बहुविद्याशाखीय म्हणजे इंजिनिअरने संगीत, मानसशास्त्र, नाहीतर इतिहास शिकावा, असं काही भाबड्या लोकांना वाटलं होतं. पण मायनर त्याच विद्याशाखेतल्या दुसऱ्या शाखेचाही चालतो, असा एक दरवाजा आराखड्यातच उघडा ठेवलेला आहे. झालं! इलेक्ट्रॉनिक्सवाला कॉम्प्युटरचा मायनर घेतो, कॉम्प्युटरवाला इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि व्हरांड्यात समोरासमोर आले की एकमेकांच्या फायली अदलाबदल करतात. ज्ञानाची क्षितिजं रुंदावली असतील तर ती एका व्हरांड्याएवढी.

वर्गात जागा नसली तर स्वयम आहेच. 2017 साली सरकारने हे ऑनलाइन शिक्षणाचं दार उघडलं, देशातले उत्तम प्राध्यापक फुकट ऐकायला मिळू लागले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट इथून घ्यायला परवानगी दिली. कॉलेजांनी याचा अर्थ बरोबर ओळखला. पिवळी चौकट वेळापत्रकातून उचलायची आणि विद्यार्थ्याच्या रात्रीत ठेवायची. स्वयमवरच्या एनपीटीईएलच्या कोर्सला दर आठवड्याच्या असाइनमेंटना मिळून 25 मार्क आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला 75. असाइनमेंटची मुदत संपायला पाऊण तास उरला की वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: ‘तिसऱ्याचं सी का डी?’ कुणालाही प्रश्न काय आहे ते माहीत नसतं, पर्याय मात्र पाठ असतात. व्हिडिओ दुप्पट वेगाने लावल्यामुळे आयआयटीतले सौम्य, ज्येष्ठ प्राध्यापक क्रिकेटचं धावतं समालोचन करत असल्यासारखे ऐकू येतात. एखाद्याला त्यातून खरंच गोडी लागते, तो 90 च्या वर मार्क घेऊन सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र आणतो, आणि मग त्याला कळतं की हा कोर्स मायनरच्या यादीत बसत नाही, कारण यादीतला आठ आठवड्यांचा होता आणि याने बारा आठवड्यांचा केला. क्रेडिट साठवायला अकॅडेमिक बँकही आहे, तिच्यात सात वर्षं क्रेडिट टिकतात. मुदत ठेवच म्हणायची, फक्त व्याज मिळत नाही.

इथे कुणीतरी नक्की म्हणणार, ‘आयआयटीत जमतं, तुम्हालाच का जमत नाही?’ प्रश्न रास्त आहे. आयआयटी मुंबईत मायनर म्हणजे साधारण पाच विषय आणि 30 क्रेडिट. तीस ऐकून घाबरू नये; तिथलं क्रेडिटचं नाणं इथल्या नाण्याच्या निम्म्या किमतीचं आहे. आठवड्याला तीन व्याख्यानांच्या विषयाला तिथे सहा क्रेडिट, आपल्याकडे तीन. खरा फरक वेळापत्रकात आहे. तिथे आधी स्लॉट ठरतात आणि मग विषय त्यांत बसतात. मुलगा दोन विषयांचे स्लॉट बघतो, आदळत नसतील तर घेतो. आपल्याकडे आधी वर्ग ठरतो, मग वर्गाला खोली, खोलीला बाक आणि बाकाला मुलगा. सकाळी नऊला जो बाकावर बसला तो पाचला उठणार. सबंध वर्गाला एकगठ्ठा हलवायची सवय असलेल्या व्यवस्थेला ‘हा एकटा मुलगा आता दुसऱ्या इमारतीत अर्थशास्त्राला जाईल’ हे वाक्य पळून जाण्यासारखं वाटतं. शिपाई तर त्याला गेटवरच अडवतो.

दुसरा आक्षेप आईबापांचा असतो आणि तो जास्त वजनदार आहे: मायनरमुळे नोकरी मिळते. मिळते का? प्लेसमेंटला आलेली कंपनी पहिल्या चाळणीत साधारणपणे दोनच गोष्टी विचारते, सरासरी किती आणि लाइव्ह बॅकलॉग आहे का. मायनरचा रिझल्ट लागायला उशीर झाला तर तोही बॅकलॉगसारखाच दिसतो, हा त्याचा नोकरीवर होणारा पहिला परिणाम. मुलाखतीत मात्र तो कामाला येतो, हे मी मान्य करतो. ‘मायनर इन डेटा सायन्स? व्हेरी गुड. आता तुमच्या मेजरबद्दल सांगा,’ असं म्हणून मुलाखत घेणारा पुढे सरकतो, तेवढंच अर्धं मिनिट कटतं. आणि ज्यांनी खरोखर दोन डगरींवर पाय रोवले ते अशा सर्टिफिकेटसाठी कधी थांबले? अच्युत गोडबोले आयआयटीतून केमिकल इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यांवर राहिले आणि अर्थशास्त्रापासून मानसशास्त्रापर्यंत आणि संगीतापर्यंत पुस्तकं लिहून बसले. मनोहर पर्रीकरांचा मेजर मेटॅलर्जी. 2000 साली ते गोव्याचे मुख्यमंत्री झाले तेव्हा राजकारणातली त्यांची 14 क्रेडिट कुणी मोजली नव्हती. ‘म्हणजे मायनरची गरजच नाही!’ असा निष्कर्ष यातून कुणी काढेल, तर तो घाईचा ठरेल. गोडबोल्यांची आणि पर्रीकरांची उदाहरणं देण्यात हीच लबाडी आहे. हजारात एखादा आपली विहीर आपण खणतो, म्हणून बाकीच्यांचा कालवा बुजवायचा नसतो. ज्याला घरात पुस्तकं नाहीत, शहरात काका नाही, अशा मुलाला दुसऱ्या विषयाची तोंडओळख व्हायची तर ती कॉलेजातच आणि सरकारी खर्चातच व्हायला हवी. म्हणून मायनर हवाच आहे. पण तो शनिवारी दुपारी, पंखा बंद असलेल्या खोलीत, झोपलेल्या मुलांपुढे नको.

तिसरा आक्षेप विभागप्रमुखांचा. ते टेबलावर तळहात ठेवून म्हणतात, ‘मेजरमधलं काही काढलं तर पाया कच्चा राहील.’ अभ्यासमंडळाच्या बैठकीत कुठलाही विषय काढायचं नाव घ्या, तो पाया निघतो. दुसऱ्या वर्षातला पाया असतो, तिसऱ्यातला त्या पायाचा पाया, आणि चौथ्यातला इलेक्टिव्ह तर इतका खोल पाया असतो की त्याच्यावर बांधायला वर्षच उरलेलं नसतं. चार वर्षं नुसता पाया भरून मुलगा बाहेर पडतो आणि कंपनी त्याला सहा महिने ट्रेनिंगमध्ये विटा दाखवते. यावर अभ्यासमंडळाचं उत्तर ठरलेलं: ‘मग ट्रेनिंगचाही एक विषय घालू.’ या सगळ्यामागे विद्वत्तेइतकंच एक साधं, मानवी आणि पोटाचं कारण आहे, ते कुणी बैठकीत बोलत नाही. नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायचं असतं, वरच्या पदांना 14. विषय काढला की लोड जातो, लोड गेला की पद जातं, आणि पद गेलं की ज्याचं गेलं तो माणूस रोज आपल्याच स्टाफरूममध्ये समोरच्या खुर्चीत डबा खात बसलेला असतो. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा विषय कोण कापणार? त्यापेक्षा मुलाचा शनिवार कापणं सोपं. मुलगा स्टाफरूममध्ये डबा खात नाही. आणि हो, ‘मुलं उरलेला वेळ रील बघण्यातच घालवतात’ हा जो चौथा आक्षेप कोपऱ्यातून येतो, तो शंभर टक्के खरा आहे. पण रीलची एक गोष्ट अभ्यासमंडळाने शिकण्यासारखी आहे: ती कुठल्याही प्रॅक्टिकलवर आदळत नाही.

या सगळ्याला उपाय नाही असं नाही. तो सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच भागात निघाला होता आणि तोही एका इंजिनिअरने काढला होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1881 साली बंगळुरात आधी बीए झाले, मग पुण्याच्या सायन्स कॉलेजातून 1883 साली इंजिनिअरिंगची परीक्षा उत्तीर्ण झाले. मायनर आधी, मेजर नंतर, त्यामुळे कुठलाही तास कशावर आदळला नाही. खडकवासल्याला त्यांनी पाणी एका पातळीला आलं की आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, ते सगळ्यांना माहीत असतात. पण दख्खनच्या कालव्यांसाठी 1899 च्या सुमारास त्यांनी जी ब्लॉक पद्धत आणली, ती आजच्या प्रश्नाला जास्त लागू आहे. टेलला पाणी का पोचत नाही याचा विचार करताना त्यांनी टेलच्या शेतकऱ्याला पहाटे चारला उठायला सांगितलं नाही. त्याला शनिवारी बोलावलं नाही. ‘ऑनलाइन पाणी घे’ असं तर मुळीच म्हटलं नाही. त्यांनी वरच्या उसाला मर्यादा घातली: ब्लॉकमधल्या ठरावीक भागातच ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं, म्हणजे तेवढंच पाणी जास्त गावांपर्यंत जाईल. वरच्या मंडळींनी अर्थातच विरोध केला. त्यांच्या दृष्टीने ऊस हाच शेतीचा पाया होता.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना म्हणून एकच विनंती. पुढचा पॅटर्न आणाल तेव्हा, आणि आपल्याकडे पुढचा पॅटर्न येणारच, नवा विषय घालायच्या आधी जुना एक काढा. रिकामी झालेली जागा दिवसाढवळ्या, दहा ते पाचमध्ये, मायनरला द्या. फक्त कुठला विषय काढायचा ते मुलांना विचारू नका. सहाही शाखांची मुलं आयुष्यात पहिल्यांदाच एकमताने एम-थ्रीचं नाव घेतील.